दगडी बाणाची विद्या

अश्मयुगीन माणसास आपण सहज रानटी म्हणतो. पण त्याच्यासारखे बाणाचे एक टोक घडवू पाहणारा शिकाऊ बोटे मात्र कापून घेतो, आणि हाती उरतो तो चुरा!

१९११ च्या ऑगस्टात कॅलिफोर्नियातील ओरोव्हिल गावी याही जमातीचा अखेरचा माणूस आला. गोऱ्या वसाहतवाल्यांच्या कत्तलींनी त्याची जमात संपविली होती. लोक त्यास इशी म्हणू लागले. सॅन फ्रान्सिस्कोच्या संग्रहालयात राहून तो ज्वालामुखीतून निघालेल्या काळ्या काचेची, प्रसंगी फुटक्या बाटलीचीही, टोके घडवी. कपची तळहातावरील कातड्यावर धरायची, तिच्या कडेस शिंगाचे टोक टेकवून दाबायचे. खालून बारीक टवका निघतो. नवशिक्याचा दाब कडेवरच अडतो व कड चुरते. तो कपचीच्या पोटाकडे जावा लागतो. हे डोळ्यांस दिसत नाही, मनगटासच कळते.

डॉ. सॅक्स्टन पोप हा शल्यवैद्य त्याचा शिष्य झाला. १९१६ साली इशी क्षयाने वारला. १९१८ साली पोपने ती विद्या छापून ठेविली. आम्हांस वाटते, हत्यारे संग्रहालयात टिकतात. ती घडविणारा हात मात्र शिष्य मिळाला तरच टिकतो.