आजीचं ब्लँकेट आणि न लिहिलेला पॅटर्न

आजच्या भागात राजे नाहीत, लढाया नाहीत. आज आहे एक ब्लँकेट.

झालं असं, की आजीनं क्रोशाचं ब्लँकेट करायला घेतलं होतं. सहा बाय आठ, म्हणजे अठ्ठेचाळीस चौकोन. एक्केचाळीस झाले आणि तिची बोटं आखडली. पिशवी माझ्याकडे आली. मी सॉफ्टवेअरवाला, पहिला प्रश्न काय विचारणार? "आजी, पॅटर्न कुठंय?"

ती म्हणाली, "कसला पॅटर्न? हाताला माहितीये."

मला वाटलं, झालं! डॉक्युमेंटेशन नसलेला कोड. पण मग जरा वाचलं, तर गंमत कळली. क्रोशाचे छापील नमुने येऊ लागले तेच मुळी १८२० च्या दशकात, नेदरलँड्समधल्या 'पेनेलोपे' मासिकात. आजीच्या त्या चौकोनाला इंग्रजीत 'ग्रॅनी स्क्वेअर' म्हणतात. त्याचा आपल्याला माहीत असलेला सर्वांत जुना छापील नमुना १८८५ चा, अमेरिकेतल्या 'प्रेअरी फार्मर'मधला. तोही एका वाचक बाईनं पाठवलेला. म्हणजे आधी हात, मग कागद.

आता आयर्लंडला जाऊ. १८४५ पासून तिथं बटाट्याचं पीक कुजत गेलं, भयंकर दुष्काळ पडला. १८४७ मध्ये क्लोन्स गावात कसँड्रा हँड या पाद्रीणबाईंनी क्रोशाचं काम सुरू करून दिलं. फुलं, पानं वेगवेगळी विणायची आणि नंतर जाळीनं जोडायची. अनेक घरांची आपापली खास नक्षी असायची. त्या लेसच्या पैशांवर कित्येक घरं जगली.

आणि आपल्याकडे? आंध्रातल्या नरसापूरच्या बायकांवर मारिया मीस यांचं पुस्तक आलं १९८२ मध्ये. या बायका दिवसाचे सहा-आठ तास लेस विणायच्या, माल परदेशात जायचा. पण त्यांची गणती 'गृहिणी' म्हणून. काम कसलं, फावल्या वेळातला उद्योग! मजुरी अगदी तुटपुंजी.

हे वाचलं आणि मी गप्पच झालो. कारण आजीच्या तोरणांना, टीव्हीवरच्या रुमालांना आम्हीही हेच म्हणायचो. "बसल्या बसल्या करते."

मग मी तिच्यासमोर बसून शिकलो. साखळीचा गोल, त्यात तीन-तीन खांब, कोपऱ्यात दोन साखळ्या. सात चौकोन करायला दोन महिने लागले! माझा हात सैल, म्हणून ते एक सेंटिमीटर मोठे झाले. मी उसवायला निघालो, तर आजी म्हणाली, "थांब. माझ्या चौकोनांना मुक्या खांबांची एक फेरी घाल, होतील सारखे." तिच्या एक्केचाळीसही चौकोनांना! मग सगळे जमिनीवर मांडले, रंग हलवले, जोडले, दोऱ्यांची टोकं आत लपवली. शेवटी चारी बाजूंनी किनार.

आजीनं डोळे मिटून ब्लँकेटवरून हात फिरवला. माझे सातही चौकोन बरोब्बर ओळखले. "हे सैल, हे तुझे," म्हणाली. आणि तीच बाजू उशाशी घेऊन झोपली.

तिच्या मापाची ती फेरी मी आता वहीत लिहून ठेवलीय. वर तिचं नाव घातलंय.

तुमच्या घरी असं कुणी असेल तर आजच फोन काढा, त्यांच्या हातांचा व्हिडिओ घ्या. भेटू पुढच्या भागात!