घरात डायलिसिसचा रुग्ण आहे? कोणतं कार्ड चालतं, उपचार कोणता घ्यायचा आणि परळला कधी जायचं, वाचा सविस्तर

'दोन्ही किडन्या निकामी झाल्यात, डायलिसिस लागेल' असं डॉक्टरांनी सांगितलं की गावाकडच्या घरात पहिलं नाव निघतं मुंबईचं. लालबाग-परळला कुणी ना कुणी नातेवाईक असतो आणि केईएम सगळ्यांना ठाऊक असतं. पण डायलिसिस म्हणजे एकदा करून मोकळं होण्यासारखं ऑपरेशन नव्हे. आठवड्यातून दोन-तीन वेळा, दर वेळी साधारण चार तास, आणि तेही वर्षानुवर्षं. आठवड्याला दोन धरले तरी वर्षाला १०४ फेऱ्या होतात. यात औषधापेक्षा गाडीभाडं, बुडालेली मजुरी आणि सोबत्याचं जेवण यांतच घर खचतं. म्हणून शक्य असेल तर नेहमीचं डायलिसिस गावाजवळ करा आणि मोठ्या निर्णयासाठी परळ गाठा.

पाच लाखांचं संरक्षण, पण अख्ख्या कुटुंबाचं

महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावानं आठ जिल्ह्यांत सुरू झाली. जुलै २०२३ च्या शासन निर्णयानं तिची मर्यादा दीड लाखावरून पाच लाख रुपये झाली आणि सर्व रेशनकार्डधारकांना ती खुली झाली. किडनी प्रत्यारोपणाची मर्यादा अडीच लाखांवरून साडेचार लाख झाली. डायलिसिसही योजनेत बसतं.

ही रक्कम दरवर्षी पूर्ण कुटुंबासाठी असते. त्याच वर्षी घरात दुसऱ्या कुणाचं मोठं ऑपरेशन झालं तर तेही यातूनच वजा होतं. त्यामुळे किती रक्कम उरली हे मधूनमधून आरोग्यमित्राला विचारत राहा. योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. रेशनकार्ड आणि आधार घेऊन आधी त्याच्याकडे नोंद करा, मगच पुढं जा. योजनेत बसणाऱ्या उपचारासाठी कुणी पैसे मागितले तर १५५३८८ किंवा १८००२३३२२०० या क्रमांकावर तक्रार करता येते.

उपचाराचे तीन मार्ग

१. मशीनवरचं डायलिसिस (हिमोडायलिसिस): बहुतेक रुग्ण हेच घेतात. जिल्हा रुग्णालयात आणि अनेक उपजिल्हा रुग्णालयांत ही सोय आहे, तिथं आधी चौकशी करा. त्यासाठी हाताच्या शिरेला जोड देऊन 'फिस्टुला' करतात. तो वापरायला तयार व्हायला सहसा दीड-दोन महिने लागतात. म्हणून किडनी उतरणीला लागली की वेळेतच डॉक्टरांना फिस्टुलाबद्दल विचारा. उशीर झाला तर मानेतल्या नळीवर दिवस काढावे लागतात आणि जंतुसंसर्गाची भीती वाढते. फिस्टुलाच्या हातातून रक्त काढू देऊ नका, त्या हाताला बीपीचा पट्टाही नको.

२. पोटाचं डायलिसिस (सीएपीडी): पोटात नळी बसवून घरीच दिवसातून तीन-चार वेळा औषधी पाणी बदलायचं. दवाखान्याची वारी वाचते. मात्र हात, जागा आणि पाणी स्वच्छ हवं, नाहीतर पोटात संसर्ग होतो. पाण्याच्या पिशव्या दर महिन्याला कुठून आणि किती पैशांत मिळणार, हे आधीच ठरवा.

३. प्रत्यारोपण: ज्यांना झेपतं त्यांच्यासाठी हा सगळ्यात चांगला मार्ग. आई-वडील, मुलं, भाऊ-बहीण, नवरा-बायको, आजी-आजोबा आणि नातवंडं यांना कायद्यानं जवळचे दाते मानलं जातं. रक्तगट जुळत नसेल तर दोन कुटुंबांत दात्यांची अदलाबदलही कायद्यानं चालते. घरात दाता नसेल तर मेंदूमृत दात्याच्या किडनीसाठी रुग्णालयामार्फत प्रतीक्षायादीत नाव घालावं लागतं. महाराष्ट्रात ही यादी मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या केंद्रांतून चालते. प्रत्यारोपणानंतर गोळ्या आयुष्यभर घ्याव्या लागतात. त्यांचा खर्च योजनेत कितपत बसतो, हे ऑपरेशनच्या आधी विचारा. किडनी विकणं-घेणं गुन्हा आहे, दलालाच्या नादी लागू नका.

रुग्णाचं वय फार झालं असेल, इतर आजार असतील, तर डायलिसिसनं किती आराम पडेल हेही डॉक्टरांना मोकळेपणानं विचारावं.

परळ-दादरला कशासाठी यायचं?

प्रत्यारोपणाच्या तपासण्या, फिस्टुला बिघडला तर दुरुस्ती, किंवा दुसऱ्या तज्ज्ञाचं मत हवं असेल, तेव्हा मुंबई गाठा. परळचं केईएम आणि मुंबई सेंट्रलचं नायर ही महापालिकेची रुग्णालयं, तर भायखळ्याचं जे. जे. राज्य सरकारचं. परळला टाटा-केईएमच्या परिसरात नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन आहे. तिथं रुग्णांच्या राहण्याची सोय आहे, शिवाय कमी दरातलं डायलिसिसही आहे. दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे. प्रभादेवीचा सिद्धिविनायक न्यास गरजूंना उपचारासाठी मदत देतो.

गिरगाव, मरीन लाइन्सकडची मोठी ट्रस्ट रुग्णालयं महाग वाटतात. पण धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला सोबत न्या आणि तिथल्या समाजसेवा विभागात भेटा.

मुलगा मुंबईत नोकरीला असेल तर

पगारातून ईएसआयसी कापली जात असेल तर अवलंबून असलेल्या आई-वडिलांनाही उपचार मिळतात. परळला ईएसआयसीचं महात्मा गांधी स्मारक रुग्णालय आहे. कंपनीचा गट विमा असेल तर त्यात आई-वडील आहेत का, आधीचा आजार धरला जातो का, हे एचआरकडून लेखी घ्या. स्वतः नवी पॉलिसी काढताना किडनीचा आजार लपवू नका. दावा तिथंच अडकतो. आधीच्या आजारासाठी प्रतीक्षाकाळ आता जास्तीत जास्त तीन वर्षांचा असतो.

प्रवासात सवलत

डायलिसिस किंवा प्रत्यारोपणासाठी जाणाऱ्या रुग्णाला आणि एका सोबत्याला रेल्वेच्या स्लीपर, सेकंड क्लास आणि थ्री-टायर एसीच्या मूळ भाड्यात ७५ टक्के सूट आहे. रुग्णालयाकडून ठरावीक नमुन्यातला दाखला घ्या आणि तो तिकीट खिडकीवर दाखवा. एसटीतही डायलिसिस रुग्णांसाठी सवलत आहे. तिची कागदपत्रं जवळच्या आगारात विचारा.

पिशवीत कायम ठेवा

रेशनकार्ड आणि आधारच्या झेरॉक्स, डायलिसिसची वही, ताजा रक्ताचा रिपोर्ट, आणि कावीळ बी, सी व एचआयव्हीचे रिपोर्ट. या रिपोर्टांवरूनच मशीन ठरतं. ते नसतील तर नव्या ठिकाणी पहिला दिवस फुकट जातो. सगळ्याचे फोटो मोबाइलमध्येही काढून ठेवा. आणि कोणत्याही कारणानं डायलिसिस चुकवू नका. धाप लागली, अंगावर सूज चढली तर पुढच्या तारखेची वाट न बघता जवळचं रुग्णालय गाठा.