भीमाची गाडी, खाशाबांच्या गाड्या

एरंडोलची जुनी माणसं गावाला एकचक्रानगरी म्हणतात. बकासुर इथलाच, खूण म्हणून पद्मालयाजवळच्या जंगलातलं भीमकुंड दाखवतात. आजोबा ही गोष्ट सांगता सांगता भीमावरून थेट खाशाबा जाधवांवर घसरायचे.

"भीम ते मोठाच व्हता रे भाऊ, हाऊ ते धाकला व्हता!"

स्वतः आजोबा नारळावरच्या कुस्त्यांपलीकडे गेले नव्हते. खाशाबांना त्यांनी कधी पाहिलंही नव्हतं. पण कराडजवळच्या गोळेश्वरचा, राजाराम कॉलेजात शिकणारा हा पोरगा ढाक कशी लावायचा, ते माझीच मान काखेत धरून दाखवायचे. त्यांच्या गोष्टीत हेलसिंकी ऑलिंपिकमधला प्रत्येक परदेशी मल्ल बकासुराएवढा असे. ती कुस्ती ५७ किलो गटाची होती, म्हणजे सगळेच बेताचे, हे मला पुढे कळलं. मी ते त्यांना सांगितलं. सांगायला नको होतं.

हेलसिंकीला जाण्याच्या पैशांचा भाग ते पटकन उरकत. वर्गणी गोळा झाली, तरी पुरेना. मग प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. एवढंच.

रंगायचे ते शेवटच्या दिवशी. जपानच्या इशीशी खाशाबांची कुस्ती पंधरा मिनिटांच्या वर चालली, गुणांवर हरले. दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाच्या विश्रांतीचा नियम. पण लगेच सोव्हिएत मल्ल मामेदबेकोव्हसमोर उभं केलं. नियमावर बोट ठेवायला आपला एकही अधिकारी तिथे नव्हता. बाकी सगळं फुगवून सांगणारे आजोबा हा अर्धा तास मात्र कधी पाऊण तास करत नसत. खाशाबा दमून हरले, कांस्यपदक मिळालं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक, १९५२ चं. दुसरं यायला १९९६ उजाडलं.

पुढची पोलिसातली नोकरी, १९८४ चा अपघाती मृत्यू, २००१ मध्ये मरणोत्तर मिळालेला अर्जुन पुरस्कार, यातलं काही आजोबांच्या गोष्टीत नसायचं. त्यांची गोष्ट कराड स्टेशनावर थांबे. पदक घेऊन आलेल्या खाशाबांची मिरवणूक १५१ बैलगाड्यांची. भीमाच्या वाट्याला एकच गाडी, तीही बकासुराच्या जेवणाची. शिवाय ते जेवण त्यानं वाटेतच संपवलेलं.

इथे आजोबा बोटांवर हिशोब करायचे. ३०२ बैल. मग त्यांच्यातला शेतकरी जागा व्हायचा.

"त्या बैलेसले चारा कोनी टाका व्हई रे?"