वन्य झुडपांचे नैसर्गिक संकरण : एका संकल्पनेचा इतिहास

निसर्गात दोन वन्य जातींचा संकर होतो, हे लिनिअसच्या काळापासून ज्ञात होते. तथापि असा संकर दीर्घकाळ वर्गीकरणातील एक अडचणच मानला गेला. ही दृष्टी बदलण्यात अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ एडगर अँडरसन यांचा वाटा मोठा आहे. १९३८ मध्ये त्यांनी लेस्ली ह्यूब्रिक्ट यांच्यासह अंतःप्रवेशी संकरणाची कल्पना मांडली. संकरित वनस्पती वारंवार एकाच मूळ जातीशी फलित होत गेल्यास दुसऱ्या जातीची जनुके तिच्यात झिरपतात, असा तिचा आशय होता.

या संदर्भात दक्षिण कॅलिफोर्नियातील साल्व्हियाच्या दोन झुडपांचे उदाहरण विशेष उद्‌बोधक आहे. तुळशीच्या कुळातील काळा सेज व पांढरा सेज या जाती एकाच डोंगरउतारावर शेजारी वाढतात. पण काळा सेज आधी फुलतो, पांढरा नंतर. आणि जेथे बहर एकत्र येतो तेथे कीटक वेगळे असतात. काळ्या सेजच्या लहान फुलांवर लहान मधमाश्या येतात. पांढऱ्याचे पुंकेसर मात्र लांब व बाजूला झुकलेले असल्याने परागण भुंग्यासारख्या मोठ्या कीटकांकडूनच होते. कार्ल एपलिंग यांनी १९४७ मध्ये या दोहोंच्या नैसर्गिक संकराचा अभ्यास प्रसिद्ध केला. परागणातील हा यांत्रिक अडसर व्हर्न आणि कॅरन ग्रँट यांनी १९६४ मध्ये तपशिलाने दाखविला.

मग संकर आढळले कोठे? अँडरसन यांना ते विपुल प्रमाणात सापडले एका सोडून दिलेल्या ऑलिव्हच्या बागेत. १९४८ मध्येच त्यांनी 'अधिवासाचे संकरण' ही कल्पना मांडली होती : संकरित संततीला दोन्ही मूळ अधिवासांच्या मधली जमीन हवी असते, आणि अशी जमीन सहसा मनुष्याच्या कुदळीनेच तयार होते. प्रस्तुत लेखकाच्या मते येथे वनस्पतिशास्त्र इतिहासाच्या प्रांतात शिरते. दप्तरात नोंद नसलेली परित्यक्त शेती अशा झुडपांवरून ओळखता येऊ शकते. आपले इतिहासलेखन मात्र रानाकडे अजून केवळ पार्श्वभूमी म्हणूनच पाहते.

अर्थात अँडरसन यांची पद्धत पाने-फुलांच्या बाह्यरूपावर आधारलेली होती. केवळ रूपसाम्यावरून जनुकीय प्रवाह सिद्ध होत नाही. त्यासाठी पुढे रेण्वीय पुराव्याची गरज भासली. शिवाय जमिनीची उलथापालथ मनुष्यच करतो असेही नाही. १९५४ मध्ये अँडरसन व स्टेबिन्स यांनी हाच विचार मानवपूर्व काळापर्यंत नेला आणि हिमनद्यांची ये-जा, भूभागांचे नव्याने उघडे पडणे यांनीही संकरांना वेळोवेळी जागा करून दिली असावी, असे प्रतिपादन केले.