स्विंगआर्म स्पूल: बाईकचा स्टँड बाईकवरून उतरला कधी?

गेल्या काही दिवसांत तुमच्याकडून सगळ्यात जास्त आलेला प्रश्न इतिहासाचा नाहीच. प्रश्न असा: "दादा, स्विंगआर्म स्पूल लावू का, की नुसता शो आहे?" म्हटलं उत्तर देऊ, पण आपल्या पद्धतीने, म्हणजे इतिहासातूनच. कारण आपल्या वडिलांना हा प्रश्न कधी पडलाच नाही. आणि का पडला नाही, तिथेच उत्तर दडलंय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मागचं चाक ज्या दोन बाहूंमध्ये बसतं, तो स्विंगआर्म. त्याच्या दोन्ही बाजूंना बोल्टने बसवलेलं छोटं रीळ म्हणजे स्पूल. अगदी दोऱ्याच्या रिळासारखं, मध्ये खाच आणि बाहेर कडा. पॅडॉक स्टँडचे दोन आकडे त्या खाचांखाली लावायचे, दांडा खाली दाबायचा, की मागचं चाक हवेत. एवढंच काम.

आता मागे जाऊ. चाक उचलायची गरज मोटरसायकलइतकीच जुनी. जुन्या ब्रिटिश बाईकना मागच्या धुऱ्याजवळ बिजागरीवर फिरणारा स्टँड असायचा. तो खाली सोडायचा, बाईक मागे ओढायची, चाक अधांतरी. निघताना स्टँड वर करून मडगार्डला अडकवायचा. म्हणजे बघा, आजचा पॅडॉक स्टँडच, फक्त बाईकसोबत फिरणारा!

या बाबतीत माझी सगळ्यात लाडकी कंपनी म्हणजे व्हिन्सेंट. फिलिप व्हिन्सेंटने १९२८ मध्ये मागच्या सस्पेन्शनचं पेटंट घेतलं. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या त्याच्या रॅपिड मॉडेलला मागचं चाक काढायला पानासुद्धा लागायचा नाही. धुऱ्यालाच हाताने फिरवायची दांडी होती. मालक रस्त्याच्या कडेला, एकटा, हातात काही नसताना काय करेल, याचा विचार डिझाइन करतानाच झालेला. आमच्या ऑफिसात याला 'युजरचा विचार' म्हणतात आणि त्यावर फक्त मीटिंगा होतात.

पुढे १९५० च्या नॉर्टन फेदरबेड फ्रेमने रेसिंगमध्ये स्विंगआर्मचा दबदबा बसवला. रस्त्यावरच्या गाड्यांनाही तो आला, आणि स्टँड हळूहळू फ्रेमच्या पोटाखाली सरकला. हाच आपला मेन स्टँड, कुणी डबल स्टँड म्हणतं. बुलेट घ्या, स्प्लेंडर घ्या, पाय देऊन ढॅककन चढवायची आणि चेनला तेल सोडत चाक हाताने फिरवायचं. वडिलांना स्पूल माहीत नव्हता, कारण त्याचं काम गाडीतच होतं.

मग तो गेला कुठे? याचं उत्तर रेस ट्रॅकवर. रेसिंगचा हिशेब सरळ असतो: वळणात जे उपयोगाचं नाही ते पिटमध्ये राहील. फ्रान्सची बोल दॉर किंवा १९७८ पासूनची सुझुका ८ तास, अशा शर्यतींत चाकं मध्येच आणि झटपट बदलावी लागतात. त्यासाठी स्टँड जमिनीवर ठेवला, गाडीवर फक्त तो अडकवायची जागा ठेवली. दोन-तीन किलो वजन कमी, आणि गाडी कलल्यावर खाली घासणारं एक लोखंड कमी.

नव्वदच्या दशकात हाच हिशेब शोरूममध्ये आला. १९९२ ची होंडा फायरब्लेड: ८९३ सीसी, आणि कोरडं वजन फक्त १८५ किलो. तादाओ बाबा या इंजिनिअरने ग्रॅम ग्रॅम कापला होता. १९९८ च्या यामाहा आर१ मध्ये गिअरबॉक्सचे शाफ्ट एकावर एक रचून इंजिन आखूड केलं, आणि वाचलेली जागा लांब स्विंगआर्मला दिली. या गाड्यांना मेन स्टँड नव्हता, आणि त्याबद्दल कुणी रडलंही नाही.

आपल्याकडे बजाजने २००७ मध्ये केटीएममध्ये भागीदारी घेतली आणि २०१२ मध्ये चाकणमध्ये बनलेली ड्यूक २०० रस्त्यावर आली. तिच्या पोटाखाली, जिथे आपण मेन स्टँड शोधतो, तिथे सायलेन्सर! आणि ही गाडी रेसरच्या हाती नाही, कॉलेजच्या पोरांच्या हाती आली.

माझी तक्रार इथे आहे. स्टँड गेला, पण चेन राहिली. हान्स रेनॉल्डने १८८० मध्ये मँचेस्टरला जी रोलर चेन बनवली, तिचीच ही नात. आतल्या पिनांवर आता ओ-रिंग असते, आतलं ग्रीस टिकतं, तरी बाहेरून साफसफाई आणि तेल लागतंच, साधारण ५०० किलोमीटरला एकदा. रेसरकडे मेकॅनिकची फौज असते. आपल्याकडे सोसायटीचं पार्किंग आणि 'जरा धर रे' म्हणून बोलावलेला मित्र.

तर लावायचे का? गाडीला मेन स्टँड असेल तर नकोत, विषय संपला. नसेल आणि चेन स्वतः साफ करत असाल तर जरूर लावा. पण लक्षात घ्या, स्पूलला काहीशे रुपये लागतात, खरा खर्च स्टँडचा. स्टँड घेणार नसाल तर ते रंगीत स्पूल म्हणजे नुसते कानातले डूल. गाडी पडल्यावर स्विंगआर्म वाचतो, हेही मला पटत नाही. जोरात आपटली तर बोल्ट वाकतो, किंवा आटेच उपटून येतात.

रबरी पॅडवाला स्टँड स्पूलशिवाय चालतो. पण पॅड घसरू शकतो, रंगही जातो. खाचेत बसलेला आकडा सहजासहजी सरकत नाही, पैसे त्याचेच. घेताना आटे बघा: ६, ८ की १० मिलिमीटर, आणि पिचसुद्धा. जबरदस्तीने पिळलात तर ॲल्युमिनियमचे आटे कायमचे गेले.

चढवताना साइड स्टँड उघडाच ठेवा, म्हणजे तोल गेला तरी गाडी त्याच्यावर येईल. चेनचा ढिलेपणा कुठल्या स्टँडवर मोजायचा ते मॅन्युअलमध्ये असतं, तेही वाचा. मेन स्टँडवर चाक खाली लोंबतं, पॅडॉक स्टँडवर वजन स्विंगआर्मवरच असतं, म्हणून दोन्हीकडचं माप सारखं येत नाही.

आणि इंजिन बंद! पहिल्या गिअरमध्ये चाक फिरवत ठेवून चेनवर फडकं धरतात, असे बरेच व्हिडिओ दिसतात. फडकं चेनमध्ये गेलं की मागोमाग बोट स्प्रॉकेटमध्ये जातं, आणि हात मागे घ्यायला वेळ मिळत नाही. गाडी न्यूट्रलला, किल्ली खिशात, चाक हाताने. वडील फिरवायचे तसंच.