बर्मिंगहॅम तुरुंग कंत्राट
इंग्लंडमधील 1849 सालचा हा सरकारी तुरुंग 2011 मध्ये 15 वर्षांच्या कराराने ‘जीफोरएस’ कंपनीकडे गेला. ब्रिटनमध्ये चालू सरकारी तुरुंग खासगी हाती जाण्याची ही पहिलीच वेळ. डिसेंबर 2016 मध्ये तेथे मोठी दंगल झाली. 2018 च्या तपासणीत तुरुंगांचे मुख्य निरीक्षक पीटर क्लार्क यांना जागोजागी रक्त, उलट्या, झुरळे आणि अमली पदार्थांचा उघड वापर आढळला. काही कर्मचारी कार्यालयाला आतून कुलूप लावून बसले होते. क्लार्क यांनी सरकारला दिलेली तातडीची सूचना जाहीर झाली, हे मोलाचे. अशा सूचनेला मंत्र्यांना 28 दिवसांत जाहीर उत्तर द्यावे लागते. सरकारने ऑगस्टमध्येच तुरुंग ताब्यात घेतला. 2019 मध्ये करार संपला, कंपनीने 99 लाख पौंड भरले. करारावर देखरेख करणारे सरकारी अधिकारी तुरुंगातच नेमलेले असूनही ही दुरवस्था झाली, हा क्लार्क यांचा गंभीर आक्षेप होता.