फिनलंडचा बाळंतविडा

‘बाळंतविडा’ हा शब्द आपल्या घरांतून हळूहळू मावळत चालला आहे. मूल जन्मले म्हणजे माहेरची माणसे, मावश्या, आत्या दुपटी, झबली, टोपडी, कुंची आणि एखादी मऊ गोधडी घेऊन बाळंतिणीला भेटावयास येत. जन्माआधी नवे कपडे घरात आणू नयेत असा संकेत होता. मूल हाती लागेल की नाही याची खात्री नसलेल्या काळाची भीती त्या संकेताच्या तळाशी होती, हे उघड आहे. तोवर जुन्या लुगड्यांची आणि धोतरांची बाळोती फाडून, धुऊन, घड्या घालून ठेवली जात. ती मऊ असत आणि त्यांना पैसा पडत नसे. नव्या जिवाचा खर्च असा साऱ्या गोतावळ्यात वाटला जाई.

परंतु जिला गोतावळाच नाही, किंवा जिचा गोतावळा तिच्याइतकाच फाटका आहे, तिने काय करावे? तिचा बाळंतविडा कोणी आणावा? या प्रश्नाचे एक उत्तर युरोपच्या उत्तर टोकाच्या फिनलंडने विसाव्या शतकात दिले. त्या उत्तराची कहाणी सांगण्याजोगी आहे. कारण ते उत्तर एका फटक्यात सापडले नाही, आणि त्याचा खरा विषय कपडे हा नव्हताच.

आज सुखी देशांच्या यादीत पहिले नाव ज्याचे वाचावयास मिळते, तो हा देश शंभर वर्षांपूर्वी दरिद्री होता. बहुतेक वस्ती खेड्यापाड्यांत विखुरलेली, हिवाळा लांबलचक आणि जीवघेणा. खेड्यातली स्त्री बहुधा सौनात, म्हणजे लाकडी स्नानगृहात, बाळंत होई. कारण घरातली तीच जागा ऊबदार, त्यातल्या त्यात स्वच्छ आणि गरम पाण्याची. १९१७ साली रशियन साम्राज्यापासून देश स्वतंत्र झाला आणि लगेच पुढल्या वर्षी यादवी युद्धात सापडला. त्यात ३६,००० हून अधिक माणसे मेली आणि हजारो मुले पोरकी झाली.

गरिबाला मदत मिळत नव्हती असे नाही. परंतु ती मदत घेण्याची किंमत फार जबर होती. निराधार मुलांचा आणि वृद्धांचा चक्क लिलाव होई. लिलाव म्हणजे अधिक बोलीचा नव्हे, तर उलटा! सांभाळण्यासाठी गावाकडून जो सर्वांत कमी पैसे मागेल, त्याच्या घरी त्या जिवाची रवानगी. १९२३ साली अमलात आलेल्या कायद्याने ही चाल बंद केली. मात्र जो कायम गरीब-मदतीवर जगतो त्याला मतदानाचा हक्क नाही, हा नियम १९४४ पर्यंत टिकला. ज्या समाजात मदत घेणे म्हणजे नागरिकत्वातून अर्धे उतरणे होते, त्या समाजातील गरोदर स्त्रीने मदतीसाठी हात पसरण्यापूर्वी किती वेळा विचार केला असेल, याची कल्पना करता येते.

या पार्श्वभूमीवर दोन माणसे पुढे आली. सोफी मानरहाइम ही उमराव घराण्यातील बाई. विवाह मोडल्यानंतर तिने परिचारिकेचा पेशा पत्करला आणि लंडनच्या सेंट थॉमस इस्पितळात, फ्लॉरेन्स नाइटिंगेलने घालून दिलेल्या शिस्तीत, शिक्षण घेतले. १९१८ साली तिने हेलसिंकीत ‘लास्तेनलिन्ना’ म्हणजे ‘मुलांचा किल्ला’ ही संस्था उभारली. आधार नसलेल्या माता आणि त्यांची तान्ही बाळे हे त्या किल्ल्याचे पहिले रहिवासी. दुसरे नाव डॉक्टर आर्वो युल्प्पो यांचे. बर्लिनमध्ये अपुऱ्या दिवसांच्या बाळांवर संशोधन करून ते १९२० साली मायदेशी परतले. अशी बाळे जगायचीच नाहीत ही वैद्यकातील समजूत त्यांना मान्य नव्हती. त्याच वर्षी सोफीचे बंधू जनरल मानरहाइम यांच्या नावाने बालकल्याण संघ स्थापन झाला, आणि १९२२ पासून त्या संघाने एक साधा उपक्रम सुरू केला: फिरती टोपली.

टोपलीत बाळाचे कपडे आणि बाळंतपणाला लागणारी स्वच्छ कापडे असत. गरजू घरात बाळंतपण आले की टोपली तेथे जाई. काम संपले की कपडे धुऊन, टोपली पुन्हा भरून परत करावयाची. मग ती दुसऱ्या घरी. आपल्याकडे गावजेवणाची भांडी घरोघर फिरत, तसाच हा प्रकार. कल्पना उत्तम होती. थोड्या पैशांत अनेक घरांचा निभाव लागे, आणि टोपलीबरोबर स्वच्छतेचे चार शब्दही घरात शिरत. तरीही ती टोपली उसनी होती. बाळाच्या अंगावरचे कपडे आपले नाहीत, ते दिवस मोजून परत द्यायचे आहेत, डाग पडला तर जाब द्यावा लागेल, हे त्या आईला एक क्षणही विसरता येत नसणार. धर्मादाय कार्याची ही मर्यादा आहे. देणाऱ्याचे मन कितीही मोठे असो, घेणाऱ्याची मान थोडी खालीच राहते.

१९३० नंतरच्या दशकात फिनलंडच्या राज्यकर्त्यांना वेगळीच चिंता लागली. जन्माला येणाऱ्या मुलांची संख्या घटत होती, आणि जन्मलेल्या दर हजार मुलांपैकी सुमारे ६५ पहिला वाढदिवस पाहत नव्हती. शेजारच्या स्वीडनमध्ये आल्वा आणि गुन्नार म्युर्डाल या दांपत्याने १९३४ साली लोकसंख्येच्या प्रश्नावर पुस्तक लिहून खळबळ उडविली होती. मुले हवी असतील तर ती वाढविण्याचा भार समाजाने उचलला पाहिजे, असा त्याचा रोख. तेव्हा पुढे जे घडले ते निव्वळ करुणेपोटी घडले असे समजण्याचे कारण नाही. नव्या, छोट्या राष्ट्राला माणसे हवी होती. शेतांसाठी हवी होती तशीच सीमेसाठीही.

१९३७ साली मातृत्व-साहाय्याचा कायदा संमत झाला आणि १९३८ पासून अमलात आला. रक्कम ४५० मार्क, म्हणजे कारखान्यातील कामगाराच्या महिन्याच्या मजुरीचा साधारण तिसरा हिस्सा. ती रोख घ्यावी किंवा वस्तुरूपाने घ्यावी, अशी मोकळीक होती. उत्पन्न कमी असलेल्या मातांनाच हे साहाय्य मिळे. पण गरिबीच एवढी पसरलेली होती की, पहिल्या वर्षी बाळंत झालेल्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश स्त्रिया त्यास पात्र ठरल्या.

वस्तुरूप साहाय्य म्हणजेच ती पुढे जगप्रसिद्ध झालेली पुठ्ठ्याची पेटी. सुरुवातीच्या पेटीत तयार कपड्यांपेक्षा कापडच अधिक असे, कारण बाळाचे कपडे घरी शिवण्याची बायकांना सवय होती. पुढे तळाशी लहानशी गादी आली, आणि रिकामी झालेली पेटी हेच बाळाचे पहिले अंथरूण ठरले. एकाच खोलीत, एकाच बिछान्यावर सारे कुटुंब दाटीवाटीने झोपत असे, तेथे तान्ह्याला स्वतःची वेगळी जागा मिळाली. पाळण्याचा खर्चही वाचला. आपल्या आजीबायांनी सुपात किंवा टोपलीत मूल निजविले, त्याच जातीची ही युक्ती. फरक इतकाच की, ती सरकारने केली.

याच सुमारास आपल्या मुंबई इलाख्यातही हा प्रश्न चर्चेला आला होता. गिरण्यांत काम करणाऱ्या बायकांना बाळंतपणाच्या रजेचा भत्ता मिळावा, यासाठी मांडलेल्या विधेयकावर २८ जुलै १९२८ रोजी कायदेमंडळात बोलताना डॉ. आंबेडकरांनी त्यास पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर मातेला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, तेव्हा त्याचा बराचसा भार सरकारने सोसला पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. १९२९ साली कायदा झाला, आणि भारतात असा कायदा करणारा मुंबई हा पहिला इलाखा ठरला. भत्ता दिवसाला आठ आणे. तो मात्र सरकारने नव्हे, मालकाने द्यावयाचा. शिवाय तो कारखान्यातील बाईपुरताच होता. शेतावर राबणारी, मासळीची पाटी डोक्यावर वाहणारी, मिठागरात उतरणारी बाई त्या कायद्याच्या बाहेरच राहिली. मुंबईचा कायदा बुडालेल्या मजुरीची भरपाई करीत होता; फिनलंडचा कायदा मात्र ‘तू मजूर आहेस का’ असे विचारीत नव्हता.

कायदा होऊन दोन वर्षे होतात न होतात तोच, ३० नोव्हेंबर १९३९ रोजी, सोव्हिएत फौजा फिनलंडमध्ये शिरल्या. करेलिया प्रांतातील ४,००,००० हून अधिक लोकांना घरदार सोडून निघावे लागले. त्यांत गरोदर बायकाही असणारच. युद्धकाळात सुती आणि फलालिनी कापड लष्कराने उचलले. मग पेटीत काय घालावे? कागद! बाळाच्या अंथरुणाच्या चादरी आणि त्याला गुंडाळावयाची दुपटी कागदाची झाली. लाकूड आणि कागद हेच ज्या देशाचे धन, त्याने बाळालाही कागदात गुंडाळले. कागदी दुपटे किती वेळ टिकत असेल ते सांगावयास नको. पण पेटी बंद पडली नाही, हे महत्त्वाचे.

युद्ध संपले तेव्हा देश पराभूत होता. ३० कोटी डॉलरची युद्धभरपाई सोव्हिएत संघाला मालाच्या रूपाने द्यावयाची होती. ती १९५२ साली फिटली. निर्वासितांना जमिनी द्यावयाच्या होत्या. त्यात सैनिक घरी परतल्यावर पाळणे भराभर हलू लागले; १९४७ या एका वर्षात १,०८,००० हून अधिक मुले जन्मली. अशा वेळी एखाद्या काटकसरी अर्थमंत्र्याने पेटीला कात्री लावली असती, तर त्याला कोणी फारसा दोष दिला नसता.

झाले उलटेच. १९४९ साली उत्पन्नाची अट काढून टाकण्यात आली आणि पेटी प्रत्येक मातेची झाली. जुन्या अटीच्या जागी नवी अट आली: गर्भारपणाचा चौथा महिना संपण्यापूर्वी डॉक्टरकडे किंवा नगरपालिकेच्या मातृ-तपासणी केंद्रात जाऊन यावे. मला या साऱ्या इतिहासातला हा सर्वांत मोलाचा क्षण वाटतो. पूर्वी गरिबीचा दाखला लागे, आता तपासणीचा दाखला लागू लागला. पहिला दाखला मागताना बाई खजील होत असे. दुसरा तिच्याच आणि तिच्या बाळाच्या कामाचा होता. १९४४ च्या कायद्याने गावोगावी माता-बालक तपासणी केंद्रे उघडणे स्थानिक संस्थांना बंधनकारक केले होतेच. पण केंद्र उघडले म्हणून बायका आपण होऊन येतात थोड्याच? चार महिन्यांची गरोदर बाई, घरातले आणि गोठ्यातले काम टाकून, काही दुखत-खुपत नसताना, डॉक्टरकडे का जाईल? ती पेटीसाठी गेली. तेथे तिचा रक्तदाब पाहिला गेला, रक्त तपासले गेले, आहाराविषयी चार गोष्टी सांगितल्या गेल्या.

अलीकडे वृत्तपत्रांतून या पेटीविषयी पुष्कळ कौतुकाने लिहिले जाते. पेटीने बालमृत्यू थांबविले, असे एका वाक्यात सांगून टाकतात. ते खरे नव्हे. १९५० च्या सुमारास फिनलंडमधील बालमृत्यूचे प्रमाण हजारी चाळीसच्या घरात आले, १९७० च्या सुमारास तेरापर्यंत उतरले, आणि आज ते दोनच्या आसपास आहे. परंतु या काळात प्रतिजैविके आली, बाळंतपणे सौनातून इस्पितळात गेली, देशाचे उत्पन्न वाढले. पुठ्ठ्यात काही जादू नाही. इतर देशांत तपासणी केंद्रांचे जाळे न विणताच नुसत्या पेट्या वाटण्याचे किंवा विकण्याचे प्रयोग झाले, त्यांतून फिनलंड घडणार नाही. डॉक्टर युल्प्पो यांना १०४ वर्षांचे आयुष्य लाभले. १९९२ साली ते वारले, तोवर हा सारा उतार त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. आणि त्यांच्या हयातीचा मोठा भाग त्या केंद्रांची घडी बसविण्यात गेला होता.

पेटीतील वस्तू काळाप्रमाणे बदलत गेल्या. १९५० नंतर कापडाच्या जागी तयार कपडे येऊ लागले, १९६८ साली झोपण्याची पिशवी आली, १९६९ साली वापरून फेकण्याचे लंगोट आले. शतक बदलता बदलता कचऱ्याचा प्रश्न मोठा झाला, तेव्हा धुऊन वापरावयाची कापडी बाळोती पुन्हा आत आली. दुधाची बाटली आणि चोखणी मुद्दाम काढून टाकण्यात आली. आईने अंगावर पाजावे म्हणून. २०१२ साली स्वीडनच्या युवराज्ञीला आणि २०१३ साली ब्रिटनच्या राजपुत्र विल्यम यांच्या घरी ही पेटी भेट म्हणून गेली.

पेटी नको असेल त्याला रोख रक्कम आजही घेता येते. २०१८ साली ती १४० वरून १७० युरो करण्यात आली. बाजारात तेवढ्या पैशांत पेटीतले सारे सामान येत नाही, म्हणून पहिलटकरणी जवळजवळ सगळ्याच पेटी घेतात. रोख रक्कम घेणाऱ्यांत दुसऱ्या-तिसऱ्या खेपेच्या माताच अधिक असतात, कारण थोरल्याची झबली धाकट्याला होतात.